वांगं, टोमॅटो आणि पाण्याचा हिशेब

फरवानियात नळ सोडला की येतं ते पाणी एके काळी समुद्रात होतं. कुवेतला नदी नाही, आणि मुंबईत जुलैच्या एखाद्या धुवांधार दिवसात कोसळतो तेवढा पाऊस इथे अख्ख्या वर्षात पडतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पिण्याचं पाणी शत्त-अल-अरब नदीतून लाकडी गलबतांत भरून यायचं. १९५३ साली शुवैखला समुद्राचं पाणी गोडं करणारा कारखाना सुरू झाला आणि चित्र पालटलं. आज फरवानिया, खैतान, अब्बासियातल्या इमारतींत आपली मंडळी ज्या पाण्यात डाळ शिजवतात, त्यातलं मीठ आधी इंधन जाळून काढून टाकलेलं असतं.

पास्ता करायला घेतला की ते मीठ आपण परत घालतो. किती घालायचं? इटालियन स्वयंपाकात एक सल्ला हमखास दिला जातो, की पाणी समुद्राइतकं खारट हवं. तो देणाऱ्याने समुद्रात कधी गटांगळी खाल्ली नसावी. जगातल्या समुद्रांत लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम मीठ असतं. आखातात बाष्पीभवन जोरात आणि नद्यांची भर कमी, त्यामुळे तिथे ते ४० ग्रॅमच्याही पुढे जातं. सालमियाच्या किनाऱ्यावरून बादली भरून आणली आणि त्यात पास्ता शिजवला, तर तो कुणाच्याही घशाखाली उतरणार नाही. लिटरला १० ग्रॅम, म्हणजे सपाट दोन चहाचे चमचे, एवढं मीठ पुरतं.

या प्रकरणात आपण करणार आहोत तो वांगी-टोमॅटोचा पास्ता मूळचा सिसिली बेटावरच्या कतानिया शहराचा. त्याचं नाव ‘पास्ता आल्ला नोर्मा’. ‘नोर्मा’ हा विन्चेन्झो बेल्लिनी या संगीतकाराचा ऑपेरा. तो डिसेंबर १८३१मध्ये मिलानला पहिल्यांदा रंगमंचावर आला. बेल्लिनी कतानियाचा. गावाला त्याचा अभिमान इतका, की १८९० साली तिथलं बेल्लिनी नाट्यगृह उघडलं तेही ‘नोर्मा’नेच. निनो मार्तोल्यो या नाटककाराने हा पास्ता खाऊन ‘ही तर खरी नोर्मा!’ अशी दाद दिली आणि नाव पडलं, अशी कथा सांगतात. खरी असो वा नसो, पदार्थ त्या दादेला शोभतो. घटक मोजके आहेत: तळलेलं वांगं, टोमॅटोचा सॉस, लसूण, बेसिल, पास्ता आणि वरून किसलेलं खारवलेलं रिकोटा चीज. चीजचा एक प्रश्न सोडला तर शाकाहारी घराला यात काही बदलावं लागत नाही. मांसाचा पदार्थ घेऊन त्यातून मांस वजा केलेलं हे प्रकरण नव्हे.

हा पदार्थ फसतो तो पाण्यामुळे. वांग्यात वजनाच्या सुमारे ९२ टक्के पाणी, टोमॅटोत ९४ टक्के, कोरड्या पास्त्यात जेमतेम १२. पहिल्या दोघांतून पाणी काढायचं, तिसऱ्यात भरायचं, आणि शेवटी थोडं परत मिसळायचं. एवढं ज्याला जमलं त्याला बाकी कृतीची गरज नाही.

सुरुवात वांग्यापासून, कारण सगळ्यात हट्टी तेच.

जमईयात, म्हणजे इथल्या सहकारी भांडारात, जे वांगं मिळतं ते मोठं, लांबट, काळपट जांभळं, चकचकीत सालीचं. जळगावकडच्या माणसाला ते पाहून फारसा उत्साह येत नाही. त्याच्या डोळ्यांसमोर असतं पांढऱ्या रेघांचं फिकट हिरवं भरिताचं वांगं, ज्याला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण या पास्त्याला काळं वांगंच योग्य. त्यात बी कमी असतं आणि गर भरपूर. हाताला हलकं लागणारं, सुरकुतलेलं नको. वजनदार, ताठ देठाचं घ्या. हिवाळ्यात ते दक्षिणेच्या वफ्रा आणि उत्तरेच्या अब्दली भागातल्या शेतांतून येतं. उन्हाळ्यात मात्र वाळवंट वाळवंटासारखं वागतं. २१ जुलै २०१६ रोजी कुवेतच्या मित्रिबाह इथे ५३.९ अंश तापमान नोंदलं गेलं. तेव्हा भाजी बाहेरून येते किंवा थंड केलेल्या हरितगृहातून.

गंमत म्हणजे आपल्या पंचांगाशी हे छान जुळतं. आषाढात कांदेनवमीला कांदा-लसूण-वांग्यावर ताव मारून चातुर्मासात ती वर्ज्य करायची आणि मार्गशीर्षात चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून वांगं पुन्हा सुरू करायचं, ही घरोघरची रीत. चंपाषष्ठी येते नोव्हेंबर-डिसेंबरात. नेमका तेव्हाच कुवेतमध्ये स्थानिक भाजीचा हंगाम उघडतो. फरवानियात चातुर्मास पाळणाऱ्याचं फारसं नुकसान होत नाही.

आता या वांग्याची रचना. त्याच्या गरात पेशींच्या मधे मधे हवेच्या अगणित पोकळ्या असतात, म्हणजे तो जवळजवळ स्पंजच. गरम तेलात फोडी टाकल्या की हवा बाहेर पडते आणि तिची जागा तेल घेतं. दोन मिनिटांत कढई कोरडी. आपण घाबरून आणखी तेल ओततो, तेही नाहीसं होतं. पुढे फोडी पुरत्या शिजतात, पेशींच्या भिंती कोसळतात, आणि प्यायलेल्या तेलातलं बरंचसं बाहेर येऊन तळाशी साचतं. तोवर उशीर झालेला असतो.

उपाय जुना आहे, आणि तो फरवानियापासून फार दूरचाही नाही. बगदादमध्ये १२२६ साली लिहिल्या गेलेल्या एका प्रसिद्ध पाकग्रंथात वांगं आधी मिठाच्या पाण्यात हलकं उकडून, कोरडं करून, मग तिळाच्या तेलात तळायला सांगितलं आहे. वांग्याच्या या जातीच्या पदार्थांना खलिफा अल-मामूनची बेगम बूरान हिचं नाव आहे. वांगं भारताकडून इराणमार्गे अरबांकडे गेलं, आणि सिसिलीवर नवव्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत अरबांची सत्ता होती. कतानियाचं वांगं त्याच वाटेने पोचलेलं. म्हणजे कुवेतमध्ये ते इटालियन पदार्थात पडतं तेव्हा त्याची अर्धी वाट उलटी चाललेली असते.

आपण उकडण्याऐवजी फोडींना नुसतं मीठ लावणार आहोत. मीठ लावण्यामागचं कारण पूर्वी कडवटपणा घालवणं असं सांगत. हल्लीच्या वाणांत कडवटपणा फारसा उरलेला नाही, तरी मीठ लावाच. मीठ पेशींतलं पाणी बाहेर ओढतं, पेशी ढिल्या पडतात, आणि थोडं दाबलं की हवेच्या पोकळ्या बंद होतात. पोकळीच नाही तर तेल शिरणार कुठे?

चौघांसाठी पाऊण किलो वांगी घ्या. साल काढू नका. दोन सेंटिमीटरच्या चौकोनी फोडी करा. पाण्यात बुडवून ठेवायची आपली सवय इथे मोडायची. चिरलेलं वांगं काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, हे खरं. पण पुढे ते तांबूसच तळायचं आहे, तर चिंता कसली? दोन चमचे मीठ चोळून फोडी चाळणीत चाळीस मिनिटं ठेवा. खाली वाटीभर तपकिरी पाणी जमतं. मग सुती पंच्यात गुंडाळून पिळा, आणि मनापासून पिळा. फोडींचा आकार थोडा बिघडला तरी चालेल. धुऊ नका, धुतलं की काढलेलं पाणी परत आत. जे मीठ उरलं ते सॉसमध्ये कमी घालून जमेस धरायचं.

तळताना कढई चांगली तापलेली हवी, फोडी एका थरात हव्यात, आणि सतत ढवळायचं नाही. एका बाजूला खरपूस रंग आल्यावरच उलटा. जैतुनाचं तेल चालतं, सूर्यफुलाचंही चालतं. ज्यांना तळण नको त्यांनी घरातल्या कुकिंग रेंजचा ओव्हन वापरावा: २२० अंश, दोन चमचे तेल चोळून अर्धा तास. चव थोडी कमी येते, हे मी लपवत नाही. जुलैत स्वयंपाकघरात एसी नसताना मात्र ओव्हन आणि कढई यांतलं कमी वाईट कोणतं, ते ज्याचं त्याने ठरवावं.

टोमॅटोकडे वळू. हा या मंडळींतला सगळ्यात नवा पाहुणा. अमेरिका खंडातून तो सोळाव्या शतकात युरोपात आला आणि बराच काळ संशयाने पाहिला गेला. टोमॅटो घातलेल्या पास्त्याची छापील कृती मिळते ती १७९०च्या सुमारास. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने तो आणि वांगं एकाच कुळातले, पण त्यांची गाठ पडायला टोमॅटोला समुद्र ओलांडावा लागला. आखातातल्या स्वयंपाकात तो आता इतका रुळला आहे, की मचबूस या कुवेती भातासोबत दक्कूस हवाच. टोमॅटो, लसूण आणि मिरची यांची ही पातळसर चटणी ज्याला आवडते, त्याला आपला सॉस अर्धा ठाऊक आहेच.

एक किलो लालबुंद, किंचित मऊ टोमॅटो घ्या. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाकून साल काढा. बियांभोवतीचा बुळबुळीत गर फेकू नका. टोमॅटोची ती भरीव, रसरशीत चव येते ग्लुटामिक आम्लामुळे, आणि बियांच्या त्या गरात ते सर्वांत जास्त असतं. पुष्कळ पुस्तकं बिया काढायला सांगतात, कारण त्यात पाणी फार. पण पाणी आटवता येतं, गेलेली चव आणता येत नाही. उन्हाळ्यातले टोमॅटो पिठूळ आणि फिके निघाले तर सरळ डबा उघडा. मात्र त्यात एक खोच आहे. चौकोनी तुकड्यांच्या डब्यात बहुधा कॅल्शियम क्लोराइड असतं, ते पेक्टिन घट्ट धरून ठेवतं आणि तुकडे तासभर शिजवले तरी मोडत नाहीत. सोललेल्या अख्ख्या टोमॅटोंचा डबा घ्या आणि हाताने कुस्करा.

रुंद कढईत तीन चमचे जैतुनाचं तेल, त्यात लसणाच्या सहा पाकळ्या, काप करून, मंद आचेवर. लसूण तांबूस झाला तर कडू होतो. तो नुसता मऊ व्हायला हवा. मग चमचाभर टोमॅटो पेस्ट. ती कुवेतमध्ये प्रत्येक बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मिळते, आणि केडीडी ही इथलीच कंपनीही ती बनवते. पेस्ट तेलात मिनिटभर परतली की गडद होते आणि तेल लाल होतं, कारण टोमॅटोचा लाल रंग, लायकोपीन, पाण्यात नव्हे तर तेलात विरघळतो. शिजवलेल्या, तेल घातलेल्या टोमॅटोतून तो शरीरालाही अधिक मिळतो. आता टोमॅटो घाला, झाकण ठेवू नका, मध्यम आचेवर पंचवीस-तीस मिनिटं. भांडं रुंद हवं ते वाफ निघून जावी म्हणून. आंबटपणा बोचला तर चिमूटभर साखर. गरम मसाला, धणे-जिरे पूड, केचप यांपैकी काही नको. ढोबळी मिरची आणि मसाल्याच्या पुडीतला पास्ता मुलं आवडीने खातात, त्यांना खाऊ द्यावा. तो निराळा पदार्थ आहे. पण तो आणि हा एका कढईत मावत नाहीत.

बेसिल जमईयात जुडीने मिळतो, ‘रेहान’ म्हणून. त्याऐवजी खिडकीतल्या कुंडीतली तुळस घालू नये. ती त्याच घराण्यातली असली तरी लवंगेचा उग्र वास सॉसवर स्वार होतो. बेसिल आपल्याला अगदी परका नाही. उन्हाळ्यात सरबतात भिजवतो तो सब्जा म्हणजे याच झाडाचं बी. पानं हाताने तोडा आणि गॅस बंद केल्यावरच घाला.

चीजचा प्रश्न शाकाहारी माणसाने गांभीर्याने घ्यावा. बहुतेक पारंपरिक इटालियन चीजसाठी दूध फाडताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात. पार्मिजानो-रेजानोच्या नियमांतच ते बंधनकारक आहे. ग्राना पदानोत त्याच्या जोडीला अंड्यातून काढलेलं लायसोझाइम असू शकतं. भारतात पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहून आपण निर्धास्त होतो; कुवेतच्या दुकानात परदेशी चीजवर तो ठिपका शोधायला जाऊ नये. हलालचा शिक्का असतो, पण हलाल पद्धतीने कापलेल्या वासराचं रेनेट हलालच ठरतं, त्यामुळे आपला प्रश्न त्याने सुटत नाही. लेबलवर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असं स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्यावं. खुद्द खारवलेलं रिकोटा बनतं ते चीज करून उरलेल्या निवळीपासून, आणि ती निवळीही बहुधा रेनेटचीच.

पण रिकोटा तयार होण्याची क्रिया आपल्या ओळखीची आहे: उष्णता आणि आम्ल यांनी दुधातली प्रथिनं गोळा होतात. पनीर याहून वेगळं काय करतं? रेनेटने बांधलेलं चीज तापलं की वितळतं, आम्लाने बांधलेलं वितळत नाही. म्हणून कतानियातलं रिकोटा पास्त्यावर कणीदार राहतं, आणि पनीरही राहतं.

दोन लिटर ताजं, मलईचं दूध घ्या. दीर्घकाळ टिकणारं यूएचटी दूध नको, त्याचं पनीर लेचंपेचं होतं. उकळी आली की लिंबाचा रस थोडा थोडा घालून फाडा, कापडात गाळा, पाटा किंवा पाण्याने भरलेलं पातेलं वर ठेवून चार तास दाबा. मग वडीला सगळीकडून दीड चमचा मीठ चोळा आणि जाळीवर, उघडीच, फ्रिजमध्ये ठेवा. रोज पालटा आणि सुटलेलं पाणी पुसून टाका. फ्रिजमधली हवा कोरडी असते; तीन दिवसांत वडी बाहेरून टणक होते आणि किसणीवर नीट किसली जाते. घाई असेल तर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये वीस मिनिटं भाजा. भाजलेलं रिकोटा सिसिलीतही खातात, त्यामुळे ही लबाडी नव्हे. ही वडी आठवड्याभरात संपवायची.

पास्त्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही, कारण तो कारखान्यात झालेला असतो. पाकिटावर ड्युरम गव्हाचा रवा लिहिलेला हवा. ड्युरम म्हणजे आपल्याकडच्या बन्सीच्या जातीचा कडक, पिवळसर गहू. खपलीही त्याच घराण्यातली. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने एमएसीएस ४०२८ हे ड्युरमचंच वाण काढलं आहे, सुमारे १४.७ टक्के प्रथिनांचं. शेवया, गव्हले, नखुल्या हातांनी वळणाऱ्या आपल्या आज्यांना पास्त्याचं तत्त्व समजावून सांगावं लागलं नसतं. सुकवलेला पास्ता जहाजाने दूरवर जातो अशी एक जुनी नोंद सिसिलीचीच आहे. अल-इद्रिसी या अरब भूगोलकाराने ११५४ साली पालेर्मोजवळच्या त्राबिया गावाबद्दल ती केली आहे. साध्या कोरड्या ड्युरम पास्त्यात अंडं नसतं. ताज्या पास्त्यात आणि ‘एग’ लिहिलेल्या पाकिटात असतं. पेन्ने किंवा रिगातोनी घ्या, नळीत सॉस शिरतो.

४०० ग्रॅमला चार लिटर पाणी. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी काढा. आत बारीक पांढरा ठिपका दिसायला हवा. ते पाणी मोरीत ओतण्याआधी दोन वाट्या बाजूला ठेवा. त्यात पास्त्यातून सुटलेला स्टार्च आहे, आणि पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

इथे मराठी हाताला थोडं उलटं वागावं लागतं. आपण रस्सा शिजला हे ओळखतो तेल सुटल्यावरून. वर तर्री आली की जिवाला बरं वाटतं. तेल सुटतं याचा अर्थ पाणी गेलं आणि तेल एकटं पडलं. या सॉसमध्येही तेल सुटेपर्यंत आटवायचं, पण तिथे थांबायचं नाही. निथळलेला पास्ता सॉसमध्ये टाका, अर्धी वाटी स्टार्चचं पाणी घाला आणि मोठ्या आचेवर जोरात हलवत राहा. स्टार्चचे कण तेलाच्या थेंबांना वेढून पाण्यात धरून ठेवतात, दोन मिनिटांत तर्री दिसेनाशी होते आणि सॉस पास्त्याला तुकतुकीत चिकटतो. सुकला तर आणखी चमचाभर पाणी. पास्त्याची उरलेली दोन मिनिटं इथेच शिजायची असतात, सॉस पीत.

वांगं निम्मं आता मिसळा आणि निम्मं वाढताना वर ठेवा. सगळं आत घातलं तर खरपूसपणा जातो. बेसिल, वर भरपूर किसलेलं खारं पनीर. काही मंडळी वरून मिरची पूड मागतात. द्यावी.

डब्यात न्यायचा असेल तर पास्ता मिनिटभर अजून कमी शिजवा, कारण तो डब्यातही सॉस पीत राहतो. फ्रिजमध्ये स्टार्च परत घट्ट होतो आणि पास्ता रबरी लागतो; ऑफिसच्या मायक्रोवेव्हमध्ये घालण्याआधी दोन चमचे पाणी शिंपडून झाकण लावलं की बराचसा पूर्ववत येतो. नुसता सॉस आणि वांगी उरली तर पुन्हा पास्त्याच्या भानगडीत पडू नका. कोपऱ्यावरच्या इराणी तंदूरवरून गरम खुब्ज, म्हणजे तंदुरी रोटी, आणा, सॉस तव्यावर घट्ट करून त्यावर पसरा आणि उरलेलं पनीर किसून टाका.